बेअरफूट शूज : भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो

एक कोरा कागद जमिनीवर ठेवा. त्यावर अनवाणी उभे राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन द्या आणि घरातल्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ मारायला सांगा. आता रोज घालता तो बूट त्या आकृतीवर ठेवा. बहुतेकांच्या बाबतीत अंगठ्याची कड आणि करंगळी बुटाबाहेर डोकावताना दिसते. पाऊल पुढे रुंद होत जातं आणि बूट नेमका तिथेच निमुळता होतो. दिवसातले आठ-दहा तास आपली बोटं एकमेकांना चिकटून, दाटीवाटीने असतात. लहानपणापासूनची सवय असल्यामुळे ते जाणवतही नाही.

बेअरफूट शूजची कल्पना या कागदापासून सुरू होते. पुढे बोटं पसरायला ऐसपैस जागा, टाच आणि चवडा एकाच पातळीवर, सोल काही मिलिमीटर जाडीचा, पावलाच्या कमानीखाली उंचवटा नाही, आणि हातात धरून गुंडाळता येईल इतका लवचीकपणा. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. या फरकाला ड्रॉप म्हणतात. बेअरफूट शूजमध्ये तो शून्य असतो, म्हणून त्यांना झीरो ड्रॉप असंही म्हटलं जातं. पण यात काळं-पांढरं काही नाही. २०१५ मध्ये ११ देशांतल्या ४२ तज्ज्ञांनी मिळून ‘मिनिमलिस्ट’ शूजची व्याख्या ठरवली, तेव्हा त्यांनी वजन, लवचीकपणा, ड्रॉप, सोलची जाडी आणि पावलाला वळण लावणारे आधार अशा पाच गोष्टींवर गुण देण्याची पद्धत केली. म्हणजे बूट बेअरफूट आहे की नाही यापेक्षा तो किती बेअरफूट आहे, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

या शूजबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एकीकडे ‘हे घाला, गुडघे, कंबर, पाठ सगळं बरं होईल’ असं छातीठोकपणे सांगणारे. दुसरीकडे ‘आधार नसलेला बूट घालून पायाचं वाटोळं करून घेऊ नका’ असं बजावणारे. मी गेली काही वर्षं हे शूज वापरते. त्यांनी मला आधी त्रास दिला, मग आराम दिला. दोन्ही का झालं ते समजून घेताना एक गोष्ट पक्की कळली. पाऊल जमिनीवर टेकलं की शरीराला जो भार पेलावा लागतो, तो कोणताही बूट नाहीसा करू शकत नाही. बूट बदलला की तो भार पेलणारे अवयव बदलतात. जाड टाचेच्या बुटात पोटरी आणि टाचेमागची जाड दोरी, म्हणजे अकिलीस टेंडन, थोडी निवांत असते आणि गुडघ्याला जास्त काम पडतं. सपाट, पातळ सोलमध्ये पोटरी, अकिलीस आणि पावलातले छोटे स्नायू कामाला लागतात. हे एकदा ध्यानात घेतलं की या शूजबद्दलचे बरेचसे गैरसमज आपोआप सुटतात.

‘बेअरफूट म्हणजे अनवाणीच’

नावच असं आहे की गैरसमज होणारच. पण पातळ सोलसुद्धा सोलच असतो. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात कसलेल्या धावपटूंवर एक अभ्यास झाला. अनवाणी, मिनिमलिस्ट शूज आणि नेहमीचे रनिंग शूज अशा तिन्ही प्रकारांत त्यांची धाव मोजली. अनवाणी धाव बाकी सगळ्यांपेक्षा वेगळी निघाली आणि मिनिमलिस्ट शूजमधली धाव बरीचशी बुटातल्या धावेसारखीच राहिली.

याचं कारण त्वचेत आहे. तळव्याची त्वचा फार बोलकी असते. खडबडीत जमिनीवर खरोखरच अनवाणी धावलात तर पहिल्या दोन मिनिटांत तळवा सांगतो की टाच आपटू नकोस, पाऊल हळू ठेव. आणि तो थांबायलाही लवकर लावतो, कारण कातडी हुळहुळते. पातळ सोल घातला की हा इशारा निम्मा विरून जातो. खडे टोचत नाहीत, कातडी सोलवटत नाही. मग माणूस जुन्याच पद्धतीने, जुन्याच अंतरापर्यंत धावत राहतो आणि खाली कुशन मात्र नसतं. बेअरफूट शूजमधल्या बऱ्याच दुखापतींचं मूळ मला इथे दिसतं. बुटाने टोचणी काढून घेतली, हाडांवरचा भार तसाच ठेवला.

जाता जाता घट्ट्यांविषयी. अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्याला जाड घट्टे पडतात, त्यामुळे संवेदना बोथट होत असणार असं वाटतं. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात केनियातले अनवाणी आणि बूट घालणारे लोक तपासले, तेव्हा घट्टे जाड असूनही तळव्याची संवेदना कमी झालेली आढळली नाही. घट्टा टणक असतो, त्यामुळे जमिनीचा धक्का तो आतल्या मज्जातंतूंपर्यंत नीट पोचवतो. मऊ कुशन तसं करत नाही.

‘पूर्वज असेच चालायचे, म्हणून हेच योग्य’

या युक्तिवादाची मला भुरळ पडली होती हे खरं. पाऊल २६ हाडांचं आणि ३३ सांध्यांचं आहे, ते लाखो वर्षं बुटाविना चाललं, हेही खरं. पण पूर्वजांनी पायाला काहीतरी बांधायला फार पूर्वीच सुरुवात केली होती. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात फोर्ट रॉक गुहेत झाडाच्या सालीपासून विणलेल्या चपला सापडल्या, त्या नऊ हजार वर्षांहून जुन्या आहेत. आर्मेनियातल्या एका गुहेत सापडलेला चामड्याचा बूट साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा आहे. दोन्ही पातळ आणि सपाट आहेत. जाड कुशनचा रनिंग शू आला तो १९७० च्या दशकात. त्यामुळे सपाट, पातळ पादत्राण ही नवी टूम नाही एवढं नक्की म्हणता येतं. ते आपल्याला सोसेलच, हे मात्र त्यावरून ठरत नाही. पूर्वजांनी पाऊल टाकायला शिकल्यापासून तो भार पेलला होता. आपण तिशी-चाळिशीत एका संध्याकाळी दुकानातून बूट आणतो.

अनवाणी धावण्याचं उदाहरण म्हणून अबेबे बिकिला यांचं नाव हमखास घेतलं जातं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या या धावपटूने मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकली, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत, जागतिक विक्रमासह. गोष्ट इथेच संपवली जाते. पण चार वर्षांनी टोकियोत तेच बिकिला बूट घालून धावले, पुन्हा सुवर्णपदक जिंकले आणि वेळ तीन मिनिटांनी सुधारली. त्यांचे पाय दोन्ही वेळा तयार होते.

‘टाच आधी टेकवणं चूक आहे’

या गैरसमजाने लोकांच्या पोटऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान केलं असं माझं मत आहे, म्हणून जरा सविस्तर.

२०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातले डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास ‘नेचर’मध्ये छापून आला. लहानपणापासून अनवाणी धावणारे केनियातले धावपटू बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे टाच आपटताना बसणारा पहिला तडाखा त्यांना जवळजवळ बसत नाही, असा त्याचा सारांश. तो गाजला आणि त्यातून ‘टाच टेकवू नका’ असा मंत्र तयार झाला. तीन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी उत्तर केनियातल्याच दासनाच जमातीच्या लोकांना मोजलं. तेही आयुष्यभर अनवाणी. आपल्या सोयीच्या वेगाने धावताना त्यांनी साधारण ७२ टक्के वेळा टाचच आधी टेकवली. वेग वाढला की हे प्रमाण घटत गेलं. म्हणजे अनवाणी माणसाची एकच एक ‘नैसर्गिक’ धाव नसते. वेग, जमीन आणि सवय यांवर ती ठरते.

हे झालं धावण्याचं. चालण्याची तर बातच वेगळी. माणूस चालताना टाचच आधी टेकवतो आणि त्याला सबळ कारण आहे. २०१० मध्येच अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं की टाच उचलून चवड्यावर चाललं तर चालायला ५३ टक्के जास्त ऊर्जा लागते. तरीही बेअरफूट शूज घातल्यावर मांजरीच्या पावलांनी, चवडा आधी टेकवत चालणारे लोक मी पाहिले आहेत. कुणीतरी तसं शिकवलेलं असतं. दोन दिवसांत पोटऱ्या दगडासारख्या होतात आणि दोष बुटाला दिला जातो. चालताना टाच टेकवा, फक्त आपटू नका. पाऊल थोडं जवळ टाकलं, लांब ढांग टाकली नाही, की टाच आपसूक अलगद टेकते. पातळ सोलमध्ये बहुतेकांची पावलं थोड्या दिवसांत आपोआपच आखूड होतात, मुद्दाम काही करावं लागत नाही.

‘आधार काढला की कमान खचते’

आता दुसऱ्या बाजूच्या गैरसमजाकडे. यात डॉक्टरांपासून दुकानदारांपर्यंत सगळेच सामील असतात.

खुर्चीत बसा, पाऊल जमिनीवर सैल ठेवा आणि हाताने फक्त अंगठा वर उचला. पावलाच्या आतल्या बाजूकडे बघत राहा. अंगठा वर जातो तशी कमान डोळ्यांदेखत उचलली जाते. तळव्यात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा जातो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. अंगठा वळला की हा पट्टा बोटाच्या मुळाशी कप्पीवरच्या दोरासारखा गुंडाळला जातो, टाच आणि चवडा एकमेकांकडे ओढले जातात आणि मधली कमान वर येते. १९५४ मध्ये हिक्स या शरीररचनाशास्त्रज्ञाने ही यंत्रणा समजावून सांगितली, विहिरीच्या रहाटाची उपमा देता येईल अशी. चालताना टाच उचलली जाते तेव्हा प्रत्येक पावलाला हेच घडतं. सैल, लवचीक पाऊल क्षणभर ताठ होतं आणि आपल्याला पुढे ढकलतं. बूट फार ताठ असला तर अंगठा पुरता वळत नाही आणि दोर पुरता गुंडाळला जात नाही.

म्हणजे कमान स्वतःच्या बांधणीवर उभी असते. पट्टा, अस्थिबंध आणि तळव्यातले चार थरांचे छोटे स्नायू तिला धरून ठेवतात. हे स्नायू कामाने बळकट होतात का, हे लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात निरोगी माणसांनी सहा महिने रोजच्या कामांत मिनिमल शूज घातले, वेगळा व्यायाम काही केला नाही. बोटं खाली दाबण्याची त्यांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली. हा आकडा मोठा आहे आणि मला तो आश्वासक वाटतो. पण तो सांगतो एवढंच की पाऊल बळकट झालं. बळकट पावलाला दुखापत कमी होते की नाही हा पुढचा, वेगळा प्रश्न आहे.

मुलांच्या बाबतीत एक जुना भारतीय अभ्यास वारंवार सांगितला जातो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्या मुलांत ते सर्वांत जास्त, चपला-सँडलवाल्यांत त्याहून कमी. बूट हेच कारण, असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही, कारण दोन गटांचं बाकीचं राहणीमानही वेगळं असू शकतं. पण आधार देणाऱ्या बंद बुटाशिवाय मुलांची कमान घडतच नाही, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. तान्ह्या बाळाचे तळवे सपाटच असतात आणि कमान पुढच्या काही वर्षांत हळूहळू घडते. सपाट तळवे दिसले म्हणून घाबरून दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या बुटात आधार घालण्याची घाई करू नका. दुखत असेल, एकच पाऊल वेगळं दिसत असेल किंवा ताठ वाटत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

बेअरफूट शूजच्या बाजूने एक लाडकं उदाहरण दिलं जातं. हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला तर बारीक होतो, तसंच बुटातलं पाऊल. ऐकायला पटतं, पण पूर्ण बरोबर नाही. बुटातलं पाऊल प्लास्टरमधल्या हातासारखं निश्चल नसतं. ते दिवसभर चालतं, वळतं, वजन पेलतं. काही स्नायूंचं काम कमी होतं इतकंच. आणि ज्या माणसाला आधाराच्या इनसोलमुळे, म्हणजे बुटात आत घालायच्या गादीमुळे, खरोखर आराम पडला आहे, त्याने तो या उदाहरणापायी काढून फेकण्याचं काहीच कारण नाही.

‘डांबरी रस्ता आणि फरशी यांसाठी पाय बनलेले नाहीत’

कठीण जमिनीवर कुशन हवंच, हे सगळ्यांनाच पटतं, कारण धक्का बसणार हे डोळ्यांना दिसतं. पण पाय काही लाकडाचे ओंडके नाहीत. १९९८-९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की धावताना जमीन मऊ असेल तर माणूस पाय ताठ ठेवतो आणि जमीन कठीण असेल तर सैल सोडतो, तेही पहिल्याच पावलापासून, नकळत. त्यामुळे शरीराची एकूण वर-खाली हालचाल जवळपास तेवढीच राहते. उलट २०१८ मधल्या एका अभ्यासात फार जाड कुशनच्या शूजमध्ये वेगाने धावताना पाय जास्त ताठ पडले आणि जमिनीचा धक्का नेहमीच्या शूजपेक्षा जास्त नोंदला गेला. त्यात माणसं थोडीच होती, तेव्हा त्याचा फार डांगोरा पिटू नये. पण ‘जितकं मऊ तितका धक्का कमी’ हे गणित इतकं सरळ नाही. उभं राहून काम करणाऱ्यांचा प्रश्न निराळा. तासन्‌तास एकाच जागी फरशीवर उभं राहताना पाय सैल सोडून धक्का झेलण्याचा हा मार्ग उपलब्धच नसतो, तिथे थोडं कुशन सुखाचं असतं.

‘गुडघेदुखीवर हा उपाय आहे’

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यावर बोलताना मी सर्वांत जास्त जपून बोलते.

२००६ मध्ये शिकागोतल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा संधिवात असलेल्या लोकांना आधी त्यांच्या नेहमीच्या बुटात आणि मग अनवाणी चालवून पाहिलं. अनवाणी चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येणारा ताण सुमारे १२ टक्क्यांनी कमी निघाला. यावरून सपाट, लवचीक शूज घातले की गुडघेदुखी कमी होईल अशी आशा निर्माण झाली, आणि ती अगदी रास्त होती. २०२१ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी ती थेट तपासली. संधिवाताने गुडघा बऱ्यापैकी झिजलेल्या, पन्नाशीपुढच्या १६४ लोकांचे दोन गट केले. एका गटाला सपाट लवचीक शूज, दुसऱ्याला भक्कम आधाराचे शूज. सहा महिन्यांनी चालतानाचं दुखणं समाधानकारक कमी झालेले लोक भक्कम शूजच्या गटात ५८ टक्के होते आणि सपाट शूजच्या गटात ४० टक्के. नव्याने काही दुखू लागल्याच्या तक्रारीही सपाट शूजवाल्यांनी जास्त केल्या.

ताण कमी झाला म्हणजे दुखणं कमी होईलच असं नाही, हे या दोन अभ्यासांनी मला शिकवलं. घरातल्या वडीलधाऱ्यांचे गुडघे दुखतात म्हणून प्रेमापोटी त्यांना पातळ सोलचे शूज आणून देणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण या बाबतीत हाती असलेला पुरावा उलट बाजूला झुकतो. तरुण धावपटूच्या गुडघ्यापुढच्या दुखण्यात आखूड पावलांनी आराम पडू शकतो, कारण भार गुडघ्यावरून पोटरीकडे सरकतो. मात्र त्याच धावपटूची अकिलीस आधीच कुरकुरत असेल तर तो आगीतून फुफाट्यात पडेल.

अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड बेअरफूट शूजने सरळ होत नाही. त्यावर घासणं, दाबणं थांबतं आणि दुखणं कमी होऊ शकतं, तेवढंही पुष्कळ आहे. हातमोज्यासारखी प्रत्येक बोटाला वेगळी खोबण असलीच पाहिजे असंही नाही. बहुतेक बेअरफूट शूज दिसायला साधेच असतात. आणि उत्पादकांचे दावे जपूनच ऐकावेत. याच पाच बोटांच्या शूजमुळे गाजलेल्या व्हिब्रम कंपनीवर, पाय बळकट होतात आणि दुखापती कमी होतात या दाव्यांना पुरेसा आधार नव्हता म्हणून अमेरिकेत खटला भरला गेला. २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ३७ लाख ५० हजार डॉलरची तडजोड केली.

‘दोन आठवड्यांत सवय होते’

मराठीत पी हळद नि हो गोरी म्हणतात, तसं मी केलं. शूज आणले, दुसऱ्या दिवसापासून दिवसभर घातले. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या दुखल्या, मग ते दुखणं गेलं. इतकं हलकं, मोकळं वाटू लागलं की मी त्याच शूजमध्ये धावायला लागले. पाचव्या आठवड्यात पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे, बारीक ठणका सुरू झाला. बोटाने दाबलं की नेमका एका जागी कळ यायची. मी ते सवयीचं दुखणं समजून आणखी दहा दिवस धावले.

स्नायू, टेंडन आणि हाड तिघांची घड्याळं वेगळी असतात. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो. टेंडनला काही महिने लागतात. हाडाचं तर असं आहे की नवा भार आला की शरीर आधी जुनं, थकलेलं हाड पोखरून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. ही एक फेरी पुरी व्हायला साधारण तीन-चार महिने जातात, आणि मधल्या काळात ते हाड आधीपेक्षा थोडं कच्चं असतं. नेमकं याच काळात पोटऱ्यांचं दुखणं थांबलेलं असतं, अंगात हुरूप असतो आणि माणूस अंतर वाढवतो. २०१३ मध्ये अमेरिकेत अनुभवी धावपटूंना दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या शूजवर आणलं आणि आधी-नंतर एमआरआय काढले. १९ पैकी १० जणांच्या पावलाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. नेहमीच्या शूजमध्ये राहिलेल्या गटात तसं जवळपास झालंच नाही. दहा आठवडेसुद्धा कमी पडले, तिथे दोन आठवड्यांची काय कथा!

मग मधला मार्ग म्हणून अर्धवट मिनिमल शूज घ्यावेत का? सुचतं खरं, पण २०१४ मधल्या एका अभ्यासात, दहा किलोमीटरच्या शर्यतीची बारा आठवडे तयारी करणाऱ्या धावपटूंमध्ये सर्वांत जास्त दुखापती याच मधल्या शूजवाल्यांना झाल्या. कदाचित थोडं कुशन असलं की माणूस गाफील राहत असावा. हा माझा अंदाज.

त्यामुळे बूट बदलण्यापेक्षा वेळ वाढवणं बरं. पहिले काही आठवडे घरात अनवाणी वावरा. मग रोज वीस-तीस मिनिटं फक्त चालण्यासाठी हे शूज घाला आणि उरलेला दिवस जुने. दर आठवड्याला थोडा वेळ वाढवा. जोडीला पोटरीचा व्यायाम करा: भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहायचं, टाच पूर्ण वर उचलायची, सावकाश खाली आणायची. फिजिओथेरपिस्टने मला हे करायला लावलं तेव्हा उजव्या पायावर जेमतेम अकरा झाले. निरोगी माणसाला वीस-पंचवीस जमायला हवेत असं त्या म्हणाल्या. रोज चालायला काही त्रास नसेल आणि हे आकडे जमत असतील, तेव्हाच धावण्याचा विचार, तोही आठवड्यातून दोनदा, काही मिनिटांपुरता. धावायचंच नसेल तर नुसतं चालण्यानेही पाऊल बळकट होतं, वरचा लिव्हरपूलचा अभ्यास रोजच्या वावराचाच होता.

शूज घेताना आतला इनसोल बाहेर काढून त्यावर उभं राहा. बोटं कडेबाहेर जात असतील तर तो बूट कितीही बेअरफूट म्हणवत असला तरी उपयोगाचा नाही. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून माप संध्याकाळी द्या. घट्ट मोजेही बोटं तितकीच आवळतात.

काही जणांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना गेली असेल तर पातळ सोलमधून बसलेला खडा किंवा भाजणारी जमीन कळत नाही, जखम होते आणि ती कित्येक दिवस लक्षात येत नाही. दवाखान्यात एका बारीक नायलॉनच्या तंतूने तळव्याला ठिकठिकाणी स्पर्श करून ही संवेदना पाच मिनिटांत तपासता येते. अंगठ्याचा सांधा आखडलेला असेल तर लवचीक सोलने तो प्रत्येक पावलाला नको तितका वळतो आणि दुखतो. तिथे ताठ सोलच बरा. हाडं ठिसूळ झालेली असतील, आधी पावलाच्या हाडाला चीर गेली असेल, टाचेखाली किंवा अकिलीसमध्ये सध्या दुखत असेल, तर ते आधी निस्तरा.

आणि दुखण्यात फरक करायला शिका. पोटरीत दोन्ही बाजूंना पसरलेलं, दोन-तीन दिवसांत ओसरणारं जडपण हे कामाला लागलेल्या स्नायूचं असतं. एका बोटाने दाखवता येईल असं, हाडावर दाबलं की कळ आणणारं, दिवसागणिक वाढणारं आणि रात्री पाय वर घेतला तरी ठणकणारं दुखणं दिसलं की त्याच दिवशी जुने शूज घाला, धावणं बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. हाडाला पडलेली बारीक चीर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे ठीक आला तरी दुखत असेल तर पुन्हा जा. मी पहिल्या एक्स-रेवर विसंबले, आणि चार आठवड्यांत सुटलं असतं ते दुखणं तीन महिने चाललं.